एका दिवसात दहा मैल, एका दिवसात एक फूट

आलेला प्रश्न जसाच्या तसा देतो: "अमेरिकेने १८६३ ते १८६९ या सहा वर्षांत, ना जेसीबी ना क्रेन, १,७७६ मैल रेल्वे टाकली. आपल्याकडे सगळी यंत्रं असून दीडशे किलोमीटरला बारा-बारा वर्षं लागतात. त्यांना कसं जमलं? चिनी मजुरांना टोपल्यांत बसवून कड्यावरून खाली सोडायचे हे खरं का? आणि ती लाइन आज शिल्लक आहे का?"

मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. रेल्वेच्या इंजिनिअरिंग खात्यात रुळांच्या कामावर ३२ वर्षं काढली, सुरुवात दोन गँग आणि एक पुश ट्रॉली एवढ्यावर झाली. निवृत्तीनंतर मुलीकडे कॅलिफोर्नियात दोनदा जाणं झालं, तेव्हा या लाइनबद्दल पद्धतशीर वाचलं आणि जुना थोडा भाग पायी पाहिला. तेव्हा हे उत्तर रूळवाल्याचं आहे असं समजून वाचा.

आधी तो सहा वर्षांचा आकडा सोडवून घेऊ. १,७७६ मैल म्हणजे सुमारे २,८६० किलोमीटर, आणि हे काम दोन कंपन्यांचं होतं. सेंट्रल पॅसिफिक कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोहून पूर्वेकडे निघाली, तिने ६९० मैल केले. युनियन पॅसिफिक नेब्रास्कातल्या ओमाहाहून पश्चिमेकडे निघाली, तिने १,०८६. दोघींची गाठ १० मे १८६९ ला युटामध्ये प्रॉमोंटरी समिट इथे पडली. आता तारखा बघा. सेंट्रल पॅसिफिकचा पहिला रूळ पडला ऑक्टोबर १८६३ मध्ये आणि सिएरा नेवाडा पर्वताच्या माथ्यावर, १०५ मैलांवर, तिची पहिली गाडी पोचली नोव्हेंबर १८६७ च्या अखेरीस. चार वर्षांत १०५ मैल! ही गती ऐकल्यावर आपल्या एखाद्या रखडलेल्या प्रकल्पाचीही छाती फुगेल. उरलेले ५८५ मैल मात्र दीड वर्षाच्या आत झाले. युनियन पॅसिफिकचं भूमिपूजन डिसेंबर १८६३ मध्ये झालं आणि पहिला रूळ पडायला जुलै १८६५ उजाडलं, कारण यादवी युद्ध चालू होतं, पैसा नव्हता आणि माणसं सैन्यात होती. म्हणजे सहा वर्षांत सगळं सारख्या वेगाने झालं असं काही नाही. डोंगरात फुटाफुटाने आणि माळावर मैलामैलाने, असा हा हिशोब आहे.

लोकांना आठवतो तो माळावरचा हिशोब, आणि त्यातला सगळ्यात गाजलेला दिवस २८ एप्रिल १८६९. युनियन पॅसिफिकवाल्यांनी आधी एका दिवसात सात-आठ मैल टाकून मिशीला पीळ दिला होता. सेंट्रल पॅसिफिकचा चार्ल्स क्रॉकर आणि त्याचा बांधकाम प्रमुख जेम्स स्ट्रोब्रिज थांबून राहिले. समोरच्यांकडे उत्तर द्यायला दहा मैलच उरणार नाहीत इतकी दोन्ही टोकं जवळ आल्यावर त्यांनी डाव टाकला. सकाळी सातला सुरुवात, संध्याकाळी सातला थांबले तेव्हा १० मैल ५६ फूट लाइन पडलेली होती.

त्या दिवसाच्या नोंदीतले आकडे असे: २५,८०० स्लीपर (रुळांखालचे आडवे ओंडके), ३,५२० रूळ, १४,०८० बोल्ट, ५५ हजारांच्या घरात खिळे. मी सवयीप्रमाणे पेन्सिल घेऊन बसलो. ३० फुटी ३,५२० रूळ म्हणजे दोन्ही बाजू धरून बरोबर दहा मैल. प्रत्येक सांध्याला चार बोल्ट धरले तर १४,०८०, तेही जुळलं. रूळ दर वाराला (यार्डाला) ५६ पौंडांचा, म्हणजे एक रूळ सुमारे २५४ किलोचा. आणि हे रूळ गाड्यावरून चिमट्यांनी धरून उतरवणारे फक्त आठ जण होते, सगळे आयरिश असं सांगतात, दोन्ही बाजूंना चार-चार. एकेका माणसाच्या वाट्याला त्या दिवशी सुमारे ११२ टन लोखंड आलं. जेवणाचा तास सोडला तर सरासरी २२-२३ सेकंदांना एक जोडी. हातमोजे घातले असतील-नसतील, मला आधी त्यांच्या कमरा आठवल्या. आमच्या गँगमध्ये रूळ उचलताना "जोर लगा के" म्हणणारा एक जण लागतो, नाहीतर बारा माणसं बारा क्षणी जोर लावतात. इथे तसं कोणी ओरडत बसलं असेल असं वाटत नाही, वेळच नव्हता.

स्लीपरचं बघा. दहा मैलांत २५,८०० म्हणजे किलोमीटरला सुमारे १,६०० पडले. आज आपल्या मुख्य मार्गावर १,६६० टाकतो. दीडशे वर्षांत फरक पडला तो लाकडाच्या जागी काँक्रीट आलं आणि मीटरला २८ किलोच्या रुळाच्या जागी ६० किलोचा आला, दाटी जवळजवळ तीच राहिली.

खिळ्यांच्या आकड्याने मात्र मला थांबवलं. एका स्लीपरला किमान चार खिळे हवेत, दोन या रुळाला, दोन त्या. २५,८०० स्लीपरला एक लाखाच्या वर खिळे झाले असते. नोंद आहे ५५ हजारांची, म्हणजे स्लीपरमागे दोनच्या आसपास. कोणी चोरी केली असं माझं म्हणणं नाही. घाईत लिंकिंग (रूळ-स्लीपर जोडणं) करताना आम्हीही आधी एकाआड एक स्लीपर पकडायचो, गेज (दोन रुळांमधलं अंतर) धरलं गेलं की मालगाडी पुढे न्यायची आणि मागची टोळी उरलेल्या फिटिंग पुऱ्या करत यायची. त्या दिवशीही बहुधा तसंच झालं असणार. मागून चारेकशे माणसं पहारी-फावडी घेऊन पॅकिंग (स्लीपरखाली भर ठासणं) करत येत होती, पण तुम्हाआम्हाला खडी भरून, लाइन-लेव्हल करून, ताशी शंभरला सोडलेला जो मार्ग डोळ्यापुढे येतो तो हा नव्हे.

शिवाय त्या दिवसाच्या आधी काय काय होऊन गेलं होतं ते कोणी सांगत नाही. भराव तयार होते. स्लीपर मार्गावर अंथरलेले होते. प्रत्येकी दोन मैलांचा माल भरलेल्या पाच गाड्या तयार उभ्या होत्या आणि त्यातली सोळा डब्यांची पहिली गाडी चिनी मजुरांनी आठ मिनिटांत रिकामी केली. दुपारी जेवणापर्यंत सहा मैल झाले, नंतर चढ आणि वळणं लागली, तेव्हा रूळ ठोकळ्यांवर ठेवून घणाने वाकवण्यात तासभर गेला. रेल्वेच्या कामात डोळ्यांना दिसतं ते लिंकिंग, फोटो त्याचेच निघतात, आणि ते सगळ्यात शेवटचं आणि सगळ्यात सोपं काम असतं. तुमच्याकडचे बारा वर्षं रखडलेले दीडशे किलोमीटर रूळ टाकण्यासाठी रखडलेले नसतात. रूळ आणून द्या, जमीन तयार द्या, आमची यंत्रं ते बघता बघता टाकतील.

मग अवघड काय होतं? एक तर माल आणणं. कायद्याने लोखंड अमेरिकेतलंच हवं होतं आणि कारखाने सगळे पूर्व किनाऱ्यावर. सेंट्रल पॅसिफिकचा प्रत्येक रूळ, प्रत्येक इंजिन, जहाजातून दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, केप हॉर्नला वळसा घालून यायचं, त्यात महिने जायचे. तातडीचं असलं तर पनामापर्यंत जहाज, मग जमिनीवरून पलीकडे, परत जहाज. या मार्गाचं स्वप्न ज्याने पाहिलं आणि सिएरातून वाट काढून दिली तो सर्व्हेयर थिओडोर जुडा याच पनामाच्या वाटेवर पिवळ्या तापाने आजारी पडला आणि नोव्हेंबर १८६३ मध्ये गेला. पहिला रूळ पडून जेमतेम आठवडाभर झाला होता.

दुसऱ्या बाजूला युनियन पॅसिफिकपुढे सपाट गवताळ माळ होता, पण झाड नावाला नाही. नदीकाठचं कॉटनवुड म्हणजे अगदी ठिसूळ, स्लीपर म्हणून दोन-तीन वर्षांत कुजणारं लाकूड. ते झिंक क्लोराइडच्या द्रावणात मुरवून वापरलं. ओमाहापर्यंत पूर्वेकडून रेल्वेच नव्हती, माल मिसुरी नदीतून आगबोटींनी यायचा. जानेवारी १८६७ मध्ये नदीच्या पलीकडच्या काठापर्यंत शिकागोची लाइन आली तेव्हा कुठे पुरवठा सुरळीत झाला. युनियन पॅसिफिकचे रूळ टाकणाऱ्या जॅक केसमेंट आणि त्याच्या भावाने तर चाकांवरचं गावच उभं केलं होतं: रुळाच्या टोकाला उभी एक गाडी, तिच्यात झोपायचे लांबलचक डबे, जेवणाचा डबा, लोहारकाम, कचेरी, आणि बरोबर चालणारा बैलांचा कळप, ताज्या मांसासाठी. सकाळी माणसं डब्यातून उतरली की कामावर. मजुरांच्या राहण्या-जेवण्याची सोय कामाच्या टोकाला लावणं हे ज्याला जमलं त्याचं अर्धं काम झालं. मी पाहिलेल्या कामांत सर्वांत जास्त मनुष्यतास छावणीपासून कामापर्यंत चालण्यात वाया जायचे.

आता डोंगराचं सांगतो, कारण माझ्या दृष्टीने खरी रेल्वे तिथे बांधली गेली.

डॉनर खिंडीजवळचा समिट टनेल, क्रमांक ६, लांबी १,६५९ फूट, उंची समुद्रसपाटीपासून सात हजार फुटांच्या वर. आज तो मोकळा पडलाय, आत चालत जाता येतं. आम्ही जून महिन्यात गेलो होतो, तोंडाशी मळकट बर्फ शिल्लक होतं आणि छतातून पाणी ठिबकत होतं. जावई मोबाइलचा उजेड धरून पुढे आणि मी भिंत चाचपत मागे. ग्रॅनाइटमध्ये सुरुंगाच्या भोकांचे अर्धगोल चर अजून आहेत, बोट सरकवलं तर नीट बसतं. एक चर असा: एकाने पहार धरायची आणि दर घावाला जराशी फिरवायची, दोघांनी आळीपाळीने घण मारायचे. चुकला तर मनगट गेलं. असं भोक पाडायचं, दारू ठासायची, वात लावायची, पळायचं, धूर निवळला की राडारोडा बाहेर काढायचा. तीन पाळ्यांत चोवीस तास काम करून एका तोंडाची प्रगती दिवसाला फूटभर, कधी तेवढीही नाही.

म्हणून त्यांनी बोगद्याच्या मधोमध वरून ७३ फुटांची विहीर खणली आणि आतून दोन्ही दिशांना काम सुरू केलं. दोनाची चार तोंडं झाली. विहिरीतून दगड वर ओढायला वाफेचं यंत्र हवं होतं, म्हणून एक जुनं इंजिन चाकं काढून डोंगरावर ओढत नेलं. १८६७ च्या सुरुवातीला नायट्रोग्लिसरीन हे जहाल स्फोटक आलं. त्याच्या आदल्या एप्रिलमध्येच सॅन फ्रान्सिस्कोत त्याच्या पेटीचा स्फोट होऊन माणसं मेली होती, त्यामुळे त्याची वाहतूक कोणी करू देईना. मग बोगद्याजवळच जेम्स हाउडन नावाचा रसायनतज्ज्ञ बसवला आणि रोज लागेल तेवढं तिथेच बनवायला सुरुवात केली. गती वाढली, तरी एका तोंडाला दोन फुटांच्या आतच राहिली. ऑगस्ट १८६७ मध्ये तोंडं एकमेकांना मिळाली तेव्हा चूक होती दोन इंचांपेक्षा कमी. विहिरीतून खाली ओळंबे सोडून, वळणावरच्या बोगद्यात, धुरात आणि दिव्याच्या उजेडात दिशा राखायची. मी आयुष्यभर थिओडोलाइट (कोन मोजायची दुर्बीण) वापरला आहे, मला या दोन इंचांपुढे दहा मैल फिके वाटतात.

१८६६-६७ च्या हिवाळ्यात तिथे ४४ वादळं मोजली गेली. मजूर बर्फाखाली बोगदे खणून त्यातूनच राहुटीपासून कामावर जात. हिमकडे कोसळून राहुट्याच्या राहुट्या वाहून गेल्या, प्रेतं वसंत ऋतूत बर्फ उतरल्यावर सापडली. आणि पुढचं काम थांबू नये म्हणून याच हिवाळ्यात तीन इंजिनं आणि चाळीस मैलांचे रूळ ओंडक्यांच्या घसरगाड्यांवर घालून खिंडीपलीकडे ओढून नेले.

हे करणारी माणसं मुख्यतः दक्षिण चीनमधून आलेली. १८६५ च्या सुरुवातीला स्ट्रोब्रिजने नाक मुरडतच पन्नास जण घेऊन पाहिले, दोन वर्षांत हजारो झाले, ऐन कामात दहा हजारांच्या वर, म्हणजे दहात आठ-नऊ मजूर चिनी. पगार महिना तीसेक डॉलर आणि जेवण स्वतःचं. गोऱ्या मजुराला साधारण तेवढाच पगार, पण जेवण-राहणं कंपनीचं. चिनी टोळीचा स्वतःचा स्वयंपाकी असे, तांदूळ, सुकी मासळी, भाज्या, आणि दिवसभर उकळलेला चहा. दारूगोळ्याच्या रिकाम्या पिंपांतून तो चहा कामावर पोचवायचे. बाकीचे ओढ्याचं पाणी प्यायचे आणि हगवणीने पडायचे, हे उकळलेलं प्यायचे आणि उभे राहायचे. छावणीतल्या साथींशी झगडलेल्या कोणालाही याचं मोल कळेल.

टोपल्यांबद्दल. केप हॉर्न नावाच्या वळणावर (हे सिएरातलं, जहाजांचं नव्हे) चिनी मजुरांना वेताच्या टोपल्यांत बसवून दोरांनी सोडलं, त्यांनी हवेत लोंबकळत सुरुंग लावले, अशी गोष्ट सर्वत्र आहे, चित्रंही आहेत. त्या काळच्या कागदांत याला पुरावा सापडत नाही, गोष्ट नंतर कित्येक वर्षांनी फुगत गेलेली आहे. शिवाय तो उतार कडा म्हणावा इतका सरळ नाही. कमरेला दोर बांधून उतरले असतील, घाटातल्या कटिंगला आजही तसंच उतरतात. टोपलीशिवायही त्यांचं काम पुरेसं जीवघेणं होतं.

२५ जून १८६७ ला या "गरीब" समजल्या गेलेल्या मजुरांनी संप केला. मागणी महिन्याला ४० डॉलर आणि कमी तास, विशेषतः बोगद्यात. हजारो माणसं राहुट्यांत शांत बसून राहिली, दंगा नाही, दगडफेक नाही. क्रॉकरने त्यांचा दाणागोटा तोडला. डोंगरात रसद कंपनीच्याच हातात, आठवडाभरात संप मोडला. पगारपत्रकांत टोळीच्या मुकादमाचं नाव आणि पुढे माणसांची संख्या, एवढीच नोंद बहुतेक ठिकाणी आहे. किती मेले याची मोजदाद कंपनीने ठेवली नाही. एवढ्या माणसांपैकी एकाचंही घरी लिहिलेलं पत्र आजवर हाती लागलेलं नाही. आणि १८८२ मध्ये याच देशाने चिनी मजुरांना येण्याचीच बंदी करणारा कायदा केला.

हे वाचताना मला भोर घाट आठवत होता, आणि उगाच नाही. खंडाळ्याचा घाट १८५६ ते १८६३ मध्ये झाला, तीच पहार, तीच दारू, तीच पटकीची साथ. तिथला कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये आल्या आल्या मेला आणि त्याच्या बायकोने, ॲलिसने, कंत्राट पुढे चालवलं, हे आपल्याला ठाऊक आहे. ज्यांनी कातळ फोडला त्यांची नावं आपल्याकडेही कोणी लिहिली नाहीत.

आता पैशाचं, कारण गतीचं खरं गुपित तिथे आहे. लिंकनने १ जुलै १८६२ ला सही केलेल्या कायद्यात सरकारी रोखे मैलाप्रमाणे मिळणार होते: सपाटीला मैलामागे १६ हजार डॉलर, दोन पर्वतांमधल्या पठाराला ३२ हजार, डोंगराला ४८ हजार. वर जमीन. १८६४ मध्ये ती दुप्पट केली, मैलामागे वीस चौरस मैल, म्हणजे १२,८०० एकर. दोन्ही कंपन्या कुठे भेटतील हे मात्र कायद्यात लिहिलंच नव्हतं. जो जास्त मैल टाकेल त्याला जास्त पैसे. आता तुम्हीच कंत्राटदार असाल तर काय कराल?

त्यांनी तेच केलं. सेंट्रल पॅसिफिकने राज्याच्या भूगर्भतज्ज्ञाकडून असा दाखला मिळवला की सिएरा पर्वत सॅक्रामेंटोपासून सातव्या मैलावर सुरू होतो. तिथे उभं राहून पाहिलं तर टेबलासारखी सपाटी आहे! ४८ हजारांचा दर तिथून लागू झाला. युनियन पॅसिफिकचा इंजिनिअर पीटर डे याने पहिल्या टप्प्याचा अंदाज मैलाला ३० हजार डॉलर काढला होता, वरच्यांनी कंत्राट ५० हजारांनी दिलं, आणि तो डिसेंबर १८६४ मध्ये राजीनामा देऊन मोकळा झाला. तो गेल्यावर ओमाहाबाहेर सरळ रेषेऐवजी एक मोठा वळसा घातला गेला आणि नऊ मैल वाढले. चढ कमी करण्यासाठी म्हणून सांगितलं होतं. नऊ मैलांचे रोखेही मिळाले, हा योगायोग. युनियन पॅसिफिकचीच वरची मंडळी क्रेडिट मोबिलिअर नावाच्या बांधकाम कंपनीच्या रूपाने स्वतःलाच कंत्राटं देत होती आणि तिचे शेअर काँग्रेसच्या (म्हणजे तिथल्या संसदेच्या) सदस्यांना स्वस्तात वाटत होती. १८७२ मध्ये हे वर्तमानपत्रात फुटलं आणि मोठमोठे पुढारी भरडले गेले. शेवटी तर युटामध्ये दोन्ही कंपन्यांच्या मातीकामाच्या टोळ्या एकमेकींना ओलांडून दोनशे मैलांच्या वर समांतर भराव घालत गेल्या, कारण मैलाचे पैसे दोघींना हवे होते. एप्रिल १८६९ मध्ये काँग्रेसने भेटीची जागा ठरवली तेव्हा ही मौज थांबली.

मैलाने पैसे मिळाले की माणूस मैल मोजतो. भराव दाबत बसत नाही. १८६८-६९ च्या हिवाळ्यात युनियन पॅसिफिकने गोठलेल्या जमिनीवर, बर्फावर रूळ टाकले, एका ठिकाणी तर गाडी रुळांसकट बर्फावरून घसरून खाली गेली. मी हसत नाही. माझ्या नोकरीत एका लाइनची उद्घाटनाची तारीख आधी ठरली आणि भराव नंतर पुरा झाला. पाण्याचा मारा नाही, रोलर नाही, मे महिन्यात मातीवर रूळ ठेवले. आम्ही कागदावर हरकत नोंदवली, कागद फाइलला लागला. पहिल्याच पावसात भराव दीड फूट खचला आणि रूळ स्लीपरसकट हवेत झोपाळ्यासारखे लोंबले. रात्री अकराला कीमनने (रूळ तपासत फिरणाऱ्या माणसाने) लाल बत्ती दाखवून मालगाडी अडवली म्हणून आज हे लिहितोय. पुढची दोन वर्षं आम्ही तिथे खडी ओतत होतो.

अमेरिकन लाइनचंही तसंच झालं. उद्घाटन झालं तेव्हा मिसुरी नदीवर पूल नव्हता, प्रवासी नावेने पलीकडे जायचे, पूल १८७२ मध्ये झाला. लाकडी पूल बदलावे लागले, वळणं सरळ करावी लागली, सिएरात तीसहून जास्त मैल लाइनीवर लाकडी छप्पर घालावं लागलं, नाहीतर बर्फाने गाड्या अडायच्या. पण एक श्रेय द्यायला हवं: आधी कशीबशी लाइन चालू करा, तिच्यावरूनच माल आणून मग ती सुधारा, ही पद्धत त्या ओसाड प्रदेशाला योग्य होती. लोखंड आणि लाकूड नेण्याचा दुसरा रस्ताच नव्हता. आपल्याकडे त्याच काळात उलट होतं. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे) कंपनीला भांडवलावर ५ टक्के व्याजाची सरकारी हमी होती, मैल वाढले काय आणि थांबले काय. म्हणून दगडी पूल, रुंद गेज, सगळं भारी. अर्थात भारी म्हणजे पक्कं असतंच असं नाही, भोर घाटातला एक मोठा दगडी पूल १८६७ च्या पावसाळ्यात कोसळला होता. मुंबई-कलकत्ता थेट रेल्वे मार्च १८७० मध्ये जबलपूरला जोडली गेली, म्हणजे प्रॉमोंटरीनंतर दहाच महिन्यांनी. मध्ये नोव्हेंबर १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला.

राहिली जमीन, आणि तुमच्या बारा वर्षांचं मोठं उत्तर तिथेच आहे. आपल्याकडे सातबारा असतो, मोजणी असते, भावाभावांची भांडणं असतात, वनखात्याची परवानगी असते. तिथे कायद्याच्या दुसऱ्याच कलमात लिहिलं होतं की मार्गातल्या जमिनीवरचे इंडियन (म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी) लोकांचे हक्क सरकार शक्य तितक्या लवकर संपवील. शायान, लकोटा, अरापाहो, पॉनी, शोशोनी यांची शिकारीची आणि राहण्याची भूमी होती ती. ऑगस्ट १८६७ मध्ये नेब्रास्कात प्लम क्रीकजवळ शायान लोकांनी तारा तोडून रूळ उखडले आणि मालगाडी पाडली. उत्तर म्हणून लष्कर आलं. पुढच्या दीड दशकात रेल्वेने आलेल्या शिकाऱ्यांनी गव्यांचे कळप संपवले आणि त्या लोकांची उपजीविका मुळातून गेली. भूसंपादन या पद्धतीने करायचं असेल तर आपलेही प्रकल्प वेळेत होतील.

सगळ्याच अमेरिकन लाइनी अशा झाल्या असं मात्र समजू नका. जेम्स हिलने ग्रेट नॉर्दर्न लाइन मिनेसोटापासून सिएटलपर्यंत १८९३ मध्ये पोचवली, मिनेसोटात आधी मिळालेली थोडी जमीन सोडली तर सरकारी दानाशिवाय. मैलाचे पैसे मिळणार नव्हते, त्यामुळे त्याला आखूड मार्ग आणि कमी चढ हवा होता. त्याचा इंजिनिअर जॉन स्टीव्हन्स डिसेंबर १८८९ मध्ये कडाक्याच्या थंडीत रॉकी पर्वतातली मरायस खिंड शोधत हिंडला, रात्रभर येरझाऱ्या घालून जिवंत राहिला आणि नीचांकी चढाची वाट घेऊन परतला. त्याच १८९३ च्या मंदीत युनियन पॅसिफिक दिवाळ्यात गेली, हिलची लाइन तरली. हिलनेही कॅस्केड पर्वतावर आधी आपल्या खंडाळ्याच्या रिव्हर्सिंग स्टेशनसारखी पुढे-मागे करणारी झिगझॅग लाइन टाकून भागवलं आणि बोगदा १९०० मध्ये केला. इंजिनिअरला हे कळतं: तात्पुरतं करणं चूक नाही, पुढे काय बदलायचं हे आधी ठरलेलं असावं.

शेवटचा प्रश्न, काय उरलंय. दोन्ही कंपन्यांच्या मार्गाचा बराच भाग आजही मालगाड्यांसाठी वापरात आहे, रूळ-स्लीपर अर्थात कितीदा तरी बदललेले. वायोमिंगमधला डेल क्रीकचा उंच पूल १९०१ मध्ये मार्ग बदलल्यावर सुटला. प्रॉमोंटरीचा डोंगरी वळसा १९०४ मध्ये ग्रेट सॉल्ट लेकवरून सरळ लाइन टाकल्यावर दुय्यम झाला. दोन्ही लाइनी जुळल्या तेव्हा प्रॉमोंटरीला बसवलेला सोन्याचा खिळा त्याच दिवशी काढून नेला होता, तो संग्रहालयात आहे. दहा मैल एका दिवसात टाकले तो तुकडाही त्याच प्रॉमोंटरीच्या लाइनवर होता. १९४२ मध्ये युद्धासाठी लोखंड हवं होतं, तेव्हा तिथले रूळ उपटून नेले. दिवसाला फुटाने कोरलेल्या समिट टनेलमधून गाड्या १९९३ पर्यंत जात होत्या.